दोन हजार तीनशे दिवसांचा हिशेब

२२ ऑक्टोबर १८४४, मंगळवार. अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू इंग्लंड आणि न्यू यॉर्क राज्यातल्या खेड्यापाड्यांत हजारो माणसे त्या दिवशी ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वाट पाहत होती. नक्की किती, यावर एकमत नाही. पन्नास हजारांपासून लाखापर्यंतचे अंदाज दिले जातात. काहींनी शेतातले पीक काढलेच नव्हते. जगच संपणार असेल तर बटाटे काढून ठेवायचे कुणासाठी? मंगळवार गेला, मध्यरात्र उलटली, बुधवार उजाडला आणि काहीच घडले नाही. पोर्ट गिब्सन गावच्या हायरम एडसन या शेतकऱ्याने पुढे लिहून ठेवले की उजाडेपर्यंत आम्ही नुसते रडत होतो. अमेरिकेच्या धर्मेतिहासात या दिवसाला ‘महानिराशा’ म्हणतात.

या लोकांबद्दल एक गोष्ट फार चवीने सांगितली जाते: पांढरे झगे घालून ते म्हणे छपरांवर आणि टेकड्यांवर जाऊन बसले होते. तिला भरवशाचा समकालीन पुरावा नाही. टिंगल करणाऱ्यांनी ती रंगवत नेली. ती बाजूला ठेवलेलीच बरी, कारण तिच्यामुळे सगळे प्रकरण वेडगळांचे वाटू लागते आणि त्यातला खरा प्रश्न दिसत नाही. बेरीज-वजाबाकी बरोबर होती. आधाराला घेतलेली वचने बायबलात आहेत. ती वाचणारी माणसे प्रामाणिक आणि बऱ्यापैकी अभ्यासू होती. एवढे असून उत्तर चुकले.

धर्मग्रंथातला काळ शब्दशः घ्यायचा की लाक्षणिक, हा प्रश्न निघाला की बहुतेक वाद दोन गटांत विभागला जातो: एक गट ‘जे लिहिले आहे ते तसेच’ म्हणणारा, दुसरा ‘हे सगळे प्रतीक आहे’ म्हणणारा. १८४४ चे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते ते अशासाठी, की ही वाटणीच त्यात कोलमडते. मिलरपंथी, म्हणजे विल्यम मिलरच्या हिशेबावर भरवसा ठेवून त्या दिवशी वाट पाहणारे, शब्दशः वाचणारे होते की लाक्षणिक? दोन्ही होते, आणि एकाच वाक्यात. शाळेत शब्दशक्ती शिकताना पानिपतची बातमी देणारा मजकूर आपण सगळ्यांनी वाचलेला असतो. ‘दोन मोती गळाली’ यातले मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोती लाक्षणिक, पण दोन म्हणजे दोनच. त्याच मजकुरात ‘लाख बांगडी फुटली’ हेही आहे, आणि तिथला लाख मात्र कुणी मोजून घेत नाही. वाच्यार्थ की लक्ष्यार्थ हे एकेका शब्दाला विचारावे लागते, आणि कोणत्या आधाराने हेही दर वेळी सांगावे लागते. मिलरच्या हिशेबात हे विचारणे कुठे झाले आणि कुठे राहून गेले, ते पाहू.

लो हॅम्पटनचा शेतकरी

विल्यम मिलर १७८२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डला जन्मला आणि न्यू यॉर्क राज्यातल्या लो हॅम्पटनला वाढला. शेती करायचा. १८१२ साली इंग्लंडशी सुरू झालेल्या युद्धात कॅप्टन होता, प्लॅट्सबर्गच्या लढाईत होता. ईश्वराने सृष्टी केली आणि मग हात झटकले, असे मानणाऱ्यांपैकी तो होता. १८१६ मध्ये मन पालटले आणि तो बाप्टिस्ट मंडळीत गेला. जुन्या मित्रांनी बायबलातल्या विसंगती पुढे करून डिवचले, तेव्हा त्याने उत्तर दिले की मला वेळ द्या, सगळे जुळवून दाखवतो. मग बायबल आणि क्रूडेनची शब्दसूची एवढेच समोर ठेवून तो दोन वर्षे बसला. शब्दसूचीत एखादा शब्द बायबलात जिथे जिथे आला तिथली सगळी ठिकाणे एकत्र सापडतात. १८१८ साली तो निष्कर्षाला पोचला: सुमारे पंचवीस वर्षांत ख्रिस्त परत येणार.

हे त्याने लगेच गावभर सांगितले नाही. पहिले जाहीर व्याख्यान १८३१ चे. मुळातला भिडस्त माणूस. बोस्टनचा पाळक जोशुआ हाइम्स १८३९ मध्ये भेटला नसता तर ही गोष्ट गावोगावच्या छोट्या चर्चमध्येच राहिली असती. हाइम्सने नियतकालिके काढली, मोठमोठे तंबू उभारले, आणि १८४२ मध्ये बायबलाच्या जुन्या करारातल्या दानीएल या संदेष्ट्याच्या दृष्टान्तातले पशू आणि आकडे असलेला कापडी तक्ता तयार करून घेतला. भिंतीवर टांगलेल्या त्या तक्त्यावर आकडे एकाखाली एक मांडलेले, आणि सगळ्यांची बेरीज खाली एकाच ठिकाणी: १८४३.

मिलरने अर्थ लावण्याचे आपले नियम लिहून ठेवले होते, ही अभ्यासकाच्या दृष्टीने मोठी सोय आहे. त्यातला एक नियम असा, की शब्द जसा आहे तसा घेऊन अर्थ नीट लागत असेल आणि सृष्टीच्या साध्या नियमांना धक्का बसत नसेल, तर तो शब्दशः घ्यावा, नाहीतर लाक्षणिक. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘मुख्यार्थबाध’ म्हणून सांगितलेली लक्षणेची पहिली अट ही हीच. सरळ अर्थ अडला की मगच दुसरा शोधायचा. पण मम्मट तिथे थांबत नाही. नव्या अर्थाचे मूळ अर्थाशी नाते हवे, आणि त्या बदलामागे रूढी तरी हवी नाहीतर काही प्रयोजन तरी, अशा आणखी दोन अटी तो घालतो. मिलरच्या दुसऱ्या एका नियमात ‘दिवस’ या शब्दाचे लाक्षणिक अर्थ तीन दिले आहेत: अनिश्चित काळ, एक वर्ष, आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रावरून हजार वर्षे. यातला कोणता कुठे वापरायचा? जो बसवल्यावर बायबलशी मेळ बसेल आणि अर्थ लागेल तो. कुलूप उघडेल ती किल्ली बरोबर, असे म्हणण्यासारखे हे आहे. फक्त कुलूप खरेच उघडले की नाही हे कळायला इथे पंचवीस वर्षे थांबावे लागणार होते.

दानीएलाचा आठवा अध्याय

आता मूळ मजकूर. बेलशस्सर राजाच्या तिसऱ्या वर्षी दानीएलाला दृष्टान्त होतो. दोन शिंगांचा एडका, त्याला तुडवणारा बकरा, बकऱ्याचे मोठे शिंग मोडून त्या जागी चार शिंगे, आणि त्यांतल्या एकातून निघालेले एक लहान शिंग. हे लहान शिंग माजते, नित्याचे अर्पण बंद पाडते, पवित्रस्थान तुडवते. एडका म्हणजे मेदी आणि पारसी राजे, बकरा म्हणजे ग्रीसचा राजा, हे गब्रीएल देवदूत त्याच अध्यायात उलगडून सांगतो. लहान शिंगाचे नाव मात्र सांगत नाही. तेराव्या वचनात एक पवित्र जन विचारतो की हे कुठवर चालायचे, आणि चौदाव्यात उत्तर येते: २३००, मग पवित्रस्थान शुद्ध होईल.

२३०० काय? इंग्रजी बायबलात ‘दिवस’. मूळ हिब्रूत तिथे दिवसासाठीचा नेहमीचा शब्द नाही. ‘संध्याकाळ-सकाळ’ असे आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात संध्याकाळ झाली, सकाळ झाली, हा पहिला दिवस, अशी मोजणी आहे. त्या चालीने पाहिले तर २३०० पूर्ण दिवस. पण मंदिरात रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे दोन वेळा नित्याचे अर्पण होई, आणि प्रश्न नेमका त्या अर्पणाबद्दलच आहे. तसे वाचले तर चुकलेली अर्पणे २३००, म्हणजे दिवस ११५०. लाक्षणिक अर्थापर्यंत पोचायच्या आधीच, शब्दशः अर्थ एक नसून दोन आहेत. शब्दसूची हाताशी धरून इंग्रजी मजकूर वाचणाऱ्या मिलरच्या वाटेत हा फाटा आलाच नाही.

तरी त्याचा युक्तिवाद हलका नव्हता. २३०० साधे दिवस म्हणजे सहा वर्षे आणि साडेतीन महिन्यांच्या आसपास. दृष्टान्त सुरू होतो पारसी राज्यापासून, पुढे ग्रीस, पुढे त्याचे चार तुकडे, आणि सतराव्या वचनात देवदूत म्हणतो की हा दृष्टान्त अंतसमयाचा आहे. एवढा मोठा पट सहा वर्षांत कसा मावेल? सरळ अर्थ अडतो. म्हणून दिवस म्हणजे वर्ष. मुख्यार्थबाध दाखवण्याचा हा खराखुरा प्रयत्न आहे आणि त्याचे श्रेय त्याला द्यायला हवे. अडचण अशी की हा बाध तेव्हाच उभा राहतो, जेव्हा ‘कुठवर’ हा प्रश्न पूर्ण दृष्टान्ताला लावला जातो. तो फक्त अर्पण बंद पडण्याला आणि पवित्रस्थान तुडवले जाण्याला लावला, तर सहा वर्षे किंवा तीन वर्षे यात न पटण्यासारखे काहीच नाही. तेराव्या वचनात दृष्टान्त, अर्पण आणि तुडवणे तिन्ही एका दमात येतात, त्यामुळे दोन्ही वाचने शक्य आहेत. मिलरने एक निवडले. ते निवडले आहे याची नोंद त्या तक्त्यावर कुठेच नाही.

बरे, दिवस म्हणजे वर्ष हे समीकरण आले कुठून? दोन जागांवरून. गणना १४:३४ मध्ये हेरांनी चाळीस दिवस देश पाहिला, म्हणून दर दिवसाला एक वर्ष याप्रमाणे इस्राएल लोकांनी चाळीस वर्षे रानात भटकावे, असे देव सांगतो. यहेज्केल ४:६ मध्ये संदेष्ट्याला आधी डाव्या आणि मग उजव्या कुशीवर ठरावीक दिवस पडून राहायला सांगितले आहे, आणि एक दिवस एका वर्षासाठी नेमला आहे हेही सांगितले आहे. दोन्ही ठिकाणी दोन गोष्टी समान आहेत. समीकरण मजकुरातच उघड सांगितलेले आहे. आणि दिवस हा खरा दिवस आहे: हेर खरेच चाळीस दिवस हिंडले, संदेष्ट्याने खरेच कूस बदलायची होती. ‘दिवस’ लिहून ‘वर्ष’ वाचायचे असे तिथे काहीच नाही. दानीएलाच्या आठव्या अध्यायात समीकरण कुणीच सांगत नाही. ते बाहेरून आणावे लागते. मिलर हे करणारा पहिला नव्हता, एकटाही नव्हता. खुद्द आयझॅक न्यूटन याच पद्धतीने दानीएल वाचत असे. पद्धत जुनी आणि प्रतिष्ठित होती, म्हणून तिचा ताळा करून पाहायची गरज कुणाला वाटली नाही. मम्मटाच्या भाषेत, रूढी होती. पण ती वाचकांची रूढी होती, ग्रंथाची नव्हे.

सांधा

एवढे मान्य केले तरी २३०० वर्षे कुठून मोजायची हे आठव्या अध्यायात नाही. ते नवव्यातून आणले गेले. हिशेबातला सर्वांत नाजूक सांधा हाच आहे, आणि माझ्या मते या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्याने सर्वाधिक वेळ इथेच घालवावा.

नवव्या अध्यायाची सुरुवात फार सुंदर आहे. दानीएल यिर्मयाचे ग्रंथ वाचत बसला आहे. यरुशलेम ओसाड राहण्याची सत्तर वर्षे त्यात सांगितली आहेत. तो ती साधी वर्षे म्हणूनच वाचतो, मुदत भरत आली असे समजून प्रार्थनेला बसतो. मग गब्रीएल येतो आणि सांगतो: सत्तर सप्तके, म्हणजे सातासातांचे सत्तर गट, ठरवली आहेत. सत्तर वर्षांची सत्तर सप्तके झाली, ४९० वर्षे. बायबलातला काळ बायबलच्या आतच नव्याने वाचला जातो तो असा, आणि ग्रंथ ते लपवत नाही. इथे दिवसाला वर्ष धरण्याची गरजही पडत नाही. संदर्भ वर्षांचा आहे, आणि वर्षांची सप्तके मोजण्याची रीत लेवीय २५ मध्ये योबेल या दर पन्नासाव्या वर्षाच्या निमित्ताने आधीच आलेली आहे. पुढच्याच, दहाव्या अध्यायात दानीएल तीन आठवडे उपास करतो तेव्हा मूळ मजकूर ‘दिवसांचे आठवडे’ असे मुद्दाम स्पष्ट करतो. म्हणजे ग्रंथकाराला फरक ठाऊक आहे आणि गरज पडली की तो सांगतोही.

मिलरने मात्र सत्तर सप्तकांना दिवस-वर्ष नियमाचा पुरावा मानले. तिथे चालला ना, मग २३०० लाही चालेल. शिवाय ‘ठरवली आहेत’ या क्रियापदाचा ‘कापून काढली आहेत’ असाही अर्थ होतो, तेव्हा ही ४९० वर्षे त्या २३०० मधूनच कापली आहेत आणि दोन्हींचा आरंभ एक, असे म्हटले गेले. आरंभ कोणता? यरुशलेम पुन्हा बांधण्याचा हुकूम. असे हुकूम एकाहून अधिक आहेत. मिलरने एज्रा ७ मधला, पारसी राजा अर्तहशश्त याच्या सातव्या वर्षाचा, इ.स.पू. ४५७ चा घेतला. ४९० मधून ४५७ वजा केले की ३३ उरतात, आणि इ.स. ३३ हे त्याने ख्रिस्ताच्या मृत्यूचे वर्ष धरले. २३०० मधून ४५७ वजा केले की १८४३. पहिले जुळले, म्हणून दुसऱ्यावर भरवसा बसला.

मग कुणीतरी लक्षात आणून दिले की इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. ४५७ च्या मध्यापासून इ.स. १ च्या मध्यापर्यंत ४५७ वर्षे होतात, आणि तिथून २३०० पुरे करायला आणखी १८४३, म्हणजे गाडी इ.स. १८४४ च्या मध्यावर येऊन थांबते. दुरुस्ती अगदी बरोबर आहे. पण त्याच दुरुस्तीने ३३ चे ३४ होतात, आणि ज्या जुळण्यावर सगळा विश्वास उभा होता तेच सरकते. त्यावर उपाय निघाला: मृत्यू शेवटच्या सप्तकाच्या शेवटी न धरता मध्यावर धरायचा, इ.स. ३१ मध्ये. तसा आधार नवव्या अध्यायाच्या शेवटच्या वचनात काढता येतो. तरी ताळा चुकल्यावर उदाहरण बदलायचे आणि मग ताळा जमला म्हणायचे, हा प्रकार इथे सुरू झाला. तक्त्यावरचे बाकीचे आकडेही याच जातीचे. लेवीय २६ मध्ये पापांबद्दल ‘सातपट’ शिक्षेची धमकी आहे. इंग्रजी शब्दरचनेत ते ‘सात काळ’ असे वाचता येते, सात काळ म्हणजे ३६० दिवसांची सात वर्षे, २५२० दिवस, म्हणून २५२० वर्षे, आरंभ इ.स.पू. ६७७, शेवट पुन्हा १८४३. जो मजकूर काळाबद्दल नाहीच, त्यातूनही वर्ष निघाले.

वर्षातून तारीख

मिलर स्वतः वर्षाच्या पुढे जायला तयार नव्हता. यहुदी वर्ष धरून २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ या मुदतीत, एवढेच तो म्हणे. त्या दिवसाविषयी आणि घटकेविषयी कोणालाच ठाऊक नाही, हे मत्तय २४:३६ विरोधक तोंडावर फेकत. उत्तर तयार असे की दिवस आणि घटका ठाऊक नाही, वर्ष नाही असे कुठे म्हटले आहे? शब्दशः वाचनाचा इतका काटेकोर नमुना शोधून सापडायचा नाही.

२१ मार्च गेला. हबक्कूकाच्या दुसऱ्या अध्यायात दृष्टान्ताला विलंब लागला तरी वाट पाहा असे आहे, मत्तय २५ च्या दाखल्यात वराला यायला उशीर होतो; लोकांनी धीर धरला. ऑगस्ट १८४४ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एक्झिटरच्या शिबिरसभेत सॅम्युअल स्नो याने नवे गणित मांडले. वल्हांडण, प्रथम उपज, पेंटेकॉस्ट हे वसंतातले सण ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यात आपापल्या तिथीला पुरे झाले. मग शरदातले सणही तिथीलाच पुरे होणार. पवित्रस्थान शुद्ध करण्याचा सण म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, सातव्या महिन्याची दहावी तिथी. नेहमीच्या यहुदी पंचांगाने ती त्या वर्षी २३ सप्टेंबरला येत होती. पण जवाच्या पिकावर महिना ठरवण्याची यहुद्यांमधल्या कराईट पंथाची जुनी रीत धरली तर एक महिना पुढे, २२ ऑक्टोबर.

त्यातच दाखल्यातली मध्यरात्रही हिशेबात आली. दाखल्यात मध्यरात्री वर आल्याची हाक उठते. दिवस म्हणजे वर्ष, तर रात्र म्हणजे सहा महिने. वसंत ते शरद ही उशिराची रात्र, आणि तिचा मध्य ऐन उन्हाळ्यात. हाक बरोबर मध्यरात्रीच ऐकू आली! दाखल्यातल्या दहा कुमारिका, दिवे, तेल, कुलूपबंद दार यांना कुणी कॅलेंडर लावले नाही. रात्रीला लावले. तिथी शब्दशः, रात्र लाक्षणिक, वर्ष शब्दशः, दिवस लाक्षणिक, आणि शुद्ध व्हायचे ते पवित्रस्थान म्हणजे ही पृथ्वी, अग्नीने शुद्ध होणारी, हे पुन्हा लाक्षणिक. मिलरला ही तारीख बरेच दिवस पटत नव्हती. ऑक्टोबर उजाडल्यावर, अवघे काही आठवडे उरले असताना, त्याने ती मान्य केली.

विरोधकांनी काय पाहिले

विरोध फक्त टिंगल करणाऱ्यांचा नव्हता. अँडोव्हर सेमिनरीत हिब्रू शिकवणारा मोझेस स्टुअर्ट याने १८४२ मध्ये दिवस-वर्ष नियमच नाकारला: दानीएलातले दिवस दिवसच आहेत आणि लहान शिंग म्हणजे मंदिर भ्रष्ट करणारा सिरियाचा ग्रीक राजा चौथा अँटायोकस. (१८१३ साली मुंबईत उतरलेले पहिले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट याच अँडोव्हरचे.) न्यू यॉर्कचा हिब्रू प्राध्यापक जॉर्ज बुश याची भूमिका आणखी चमत्कारिक. १८४४ मध्ये मिलरला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितले की तुमची कालगणना मला फारशी चुकीची वाटत नाही. दिवस म्हणजे वर्ष हेही मान्य. चूक आहे ती त्या वेळी काय घडणार याच्या कल्पनेत. जगाचा अंत नव्हे, जगाची हळूहळू होणारी नैतिक सुधारणा.

हे दोघे शेजारी ठेवून पाहा. स्टुअर्ट काळ शब्दशः घेतो, बुश काळ लाक्षणिक आणि घटनाही लाक्षणिक घेतो. मिलर दोघांच्या मध्ये: काळ लाक्षणिक, घटना शब्दशः. २३ ऑक्टोबरच्या सकाळी ही मधली जागा रिकामी झाली आणि तिथे उभ्या असलेल्यांना कुठेतरी सरकावे लागले.

सरकणे

काहींनी काळ सरकवला आणि पुढची वर्षे जाहीर करत राहिले. काहींनी येण्याचाच अर्थ बदलला: ख्रिस्त आला, पण अंतःकरणात. हाइम्स आणि मिलर यांनी गणित चुकल्याचे कबूल केले आणि येणे जवळ आहे एवढ्यावर ठाम राहिले. मिलर डिसेंबर १८४९ मध्ये वारला.

एडसनचा गट वेगळ्या वाटेने गेला. रडून झाल्यावर त्या सकाळी मक्याच्या शेतातून जाताना त्याला सुचले की तारीख बरोबर होती, पवित्रस्थान चुकले होते. इब्री लोकांस पत्राच्या आठव्या-नवव्या अध्यायात स्वर्गातल्या पवित्रस्थानाचे वर्णन आहे. शुद्धी तिथे सुरू झाली. म्हणजे पृथ्वी हा लाक्षणिक अर्थ सोडून पवित्रस्थान म्हणजे पवित्रस्थानच, फक्त स्वर्गातले. गमतीची गोष्ट अशी की हा गट एका शब्दापुरता शब्दशः अर्थाकडे परत आला, आणि त्यामुळेच घटना डोळ्यांना न दिसणारी झाली. ज्याचा ताळा करता येत होता ते विधान ताळ्याच्या पलीकडे गेले. याच गटातून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली; पुण्याचे स्पायसर महाविद्यालय, आता विद्यापीठ, त्यांचे.

या गणिताचा आणखी एक वारस आहे आणि तो ख्रिस्ती नाही. २३ मे १८४४ रोजी इराणमधल्या शिराझ शहरात ‘बाब’ने, म्हणजे बहाई ज्याला आपल्या धर्माचा अग्रदूत मानतात त्याने, आपले कार्य जाहीर केले. बहाई धर्मपरंपरेत संस्थापकाचे पुत्र अब्दुल बहा यांनी दानीएल ८:१४ चा अर्थ लावताना तेच ४५७ घेतले, दिवसाला तेच वर्ष धरले आणि त्याच १८४४ वर आले. तेच पदार्थ, तीच कृती, आणि ताटात पूर्ण वेगळी वस्तू. पाचगणीच्या न्यू एरा शाळेमुळे बहाई मंडळी महाराष्ट्राला अनोळखी नाहीत, पण १८४४ या वर्षाबद्दल पुण्याच्या ॲडव्हेंटिस्टांशी त्यांचे असे नाते आहे हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. आकडा एकच असून घटना बदलू शकते, याचा अर्थ आकड्याने घटनेला काहीच बांधलेले नाही.

शब्दशः वाचले तरी

मग अँटायोकसचे वाचन सरळ मान्य करून मोकळे व्हावे का? आजचे बहुतेक विद्यापीठीय अभ्यासक तेच मानतात, आणि मलाही मजकुराच्या सर्वांत जवळचे तेच वाटते. पण तिथेही आकडा निमूट बसत नाही. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथाप्रमाणे, म्हणजे अँटायोकसविरुद्धच्या यहुदी लढ्याच्या जुन्या इतिहासाप्रमाणे, सिरियाच्या ग्रीक राजांच्या सेल्युकिड संवताच्या १४५ व्या वर्षी किसलेव या यहुदी महिन्याच्या पंधराव्या दिवशी वेदीवर ओंगळ वस्तू उभारली गेली आणि १४८ व्या वर्षी किसलेवच्या पंचविसाव्या दिवशी वेदीचे पुन्हा समर्पण झाले. इ.स.पू. १६७ ते १६४. तीन वर्षे आणि दहा दिवस, म्हणजे अकराशेच्या थोडे वर. ११५० ला महिना-दीड महिना कमीच पडतो. २३०० पूर्ण दिवस घेतले तर मागे सरकत इ.स.पू. १७० पर्यंत जावे लागते. महायाजक ओनियाचा खून त्याच सुमाराचा म्हणून काहीजण तिथून मोजतात. दानीएलाच्याच शेवटच्या अध्यायात १२९० आणि १३३५ असे आणखी दोन आकडे लागोपाठ येतात, आणि मुदत टळल्यावर ती वाढवल्याच्या या खुणा असाव्यात असा तर्क काही अभ्यासक करतात. ते खरे असेल तर पहिली ‘महानिराशा’ आणि पहिली दुरुस्ती ग्रंथाच्या आतच आहे.

याउलट बायबलाच्या शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकातले ४२ महिने, १२६० दिवस आणि ‘एक काळ, दोन काळ आणि अर्धा काळ’ हे तिन्ही एकाच मापाचे, साडेतीन वर्षांचे आहेत. तिथे आकड्याला दानीएलाची आठवण चिकटलेली आहे: साडेतीन म्हणजे अर्धवट तुटलेले सात, छळाची मुदत. तिथे मी कॅलेंडर काढणार नाही. २३०० च्या बाबतीत मात्र काढावे लागते, कारण तो आकडा कुठल्याच ठरलेल्या प्रतीकात बसत नाही. सात, दहा, बारा, चाळीस यांतला तो नाही. इतका अडनिडा आकडा कुणीतरी काहीतरी मोजूनच लिहिला असणार, असे मला वाटते. मोजले काय, दिवस की अर्पणे, हे मजकूर आपल्याला ठामपणे सांगत नाही.

ॲडव्हेंटिस्ट मंडळीतही हा वाद शमलेला नाही. ऑस्ट्रेलियन धर्मशास्त्री डेस्मंड फोर्ड याने १८४४ च्या अर्थावर आणि त्यामागच्या दिवस-वर्ष नियमाच्या वापरावर आतूनच प्रश्न उभे केले. ऑगस्ट १९८० मध्ये कोलोराडोतल्या ग्लेशियर व्ह्यू इथे त्याचे लांबलचक टिपण समोर ठेवून शंभराहून अधिक अभ्यासक आणि पदाधिकारी बसले. बैठकीनंतर फोर्डची पाळकपदाची मान्यता काढून घेतली गेली. मंडळीच्या मूलभूत श्रद्धांच्या यादीत २३०० दिवसांची मुदत १८४४ मध्ये संपली हे विधान आजही आहे.